तळपायाची आग

आमच्या घरातली सगळ्यात थंड फरशी कुठली, हे आईला अंधारातही कळतं. बाहेरच्या खोल्यांना आम्ही चकचकीत टाइल्स बसवल्या, पण स्वयंपाकघरातली शहाबादी तिने काढू दिली नाही. त्या शहाबादीतही माठाखालची एक फरशी तिची. माठ पाझरतो, तिवईखाली ओल राहते आणि भर मे महिन्यात तिथे पाऊल टेकलं तरी गार लागतं. रात्री दीड-दोनला पाणी प्यायला उठले की ती तिथे उभी दिसायची. दिवा न लावता, ओट्याला हात टेकून, साडी घोट्याच्या वर खोचून.

"काय गं, झोप येत नाही?"

"मला येते. पायांना येत नाही."

"काय होतंय?"

"काही नाही गं. तळपायाची आग होतेय. जा, झोप तू."

मी जाऊन झोपायचे. आज हे लिहिताना सगळ्यात जास्त तेच बोचतं. तळपायाची आग मस्तकात जाणं हा आपल्याकडे रागाचा वाक्प्रचार. लहानपणापासून हे शब्द इतक्या वेळा कानावर पडलेत की, आईने ते शब्दशः वापरले तेव्हा मला ऐकूच आले नाहीत. तिचा पाय खरोखर जळत होता. चादरीचा स्पर्श सोसत नव्हता म्हणून ती पाय पलंगाबाहेर काढून निजायची. कधी म्हणायची, कुणीतरी निखाऱ्यावर चालवतंय. कधी म्हणायची, आधी मुंग्या येतात, मग सुया, मग एकदम विंचू चावल्यासारखी कळ अंगठ्यातून वर जाते. आणि सकाळी उठून बघावं तर पाय अगदी नेहमीसारखे. सूज नाही, लाली नाही, जखम नाही.

पहिल्या डॉक्टरांनी "वय झालंय, चालायचंच" म्हणून सांगितलं. नसांची तपासणी केली, विजेचे बारीक झटके देऊन करतात ती. रिपोर्ट नॉर्मल आला. तो हातात घेऊन मी आईला म्हणाले, "बघ, काही नाहीये." ती गप्प बसली. आपल्या शब्दापेक्षा तो कागद मोठा आहे हे तिने मान्य करून टाकलं, आणि पुढचं दीड वर्ष माठाखालच्या फरशीबद्दल आमच्यात बोलणंच झालं नाही.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो ते वेगळ्याच कारणाने. त्यांनी तिच्या चपला काढायला लावल्या, डोळे मिटायला सांगितलं, कापूस फिरवला, टाचणी टोचली, एक ट्यूनिंग फोर्क वाजवून तिच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवला आणि विचारलं, "थरथर कळतेय का आजी?" तिला कळत नव्हती. मग त्यांनी शांतपणे सगळं विचारून घेतलं. मधुमेह किती वर्षं, गोळी कुठली, दूध-दही किती, अंडं खाता का. शाकाहारी माणूस, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं. ब-१२ हे जीवनसत्त्व तपासलं तर तळाला गेलेलं. "त्या तपासणीत जाड नसा कळतात," ते म्हणाले. "आग आणि कळ वाहून नेणाऱ्या नसा फार बारीक असतात, त्या तिच्यात सापडतच नाहीत. रिपोर्ट नॉर्मल होता आणि यांचं दुखणंही खरं होतं." मग प्रिस्क्रिप्शन लिहिता लिहिता ते सहज बोलून गेले, "या पायांची सगळ्यात चांगली वर्णनं युद्धकैद्यांच्या छावण्यांतून आलेली आहेत. जपान्यांच्या कैदेत होते ना, त्यांच्या."

इंजेक्शनं सुरू झाली. आणि मी त्या कैद्यांबद्दल वाचायला लागले.

दुसऱ्या महायुद्धात, १५ फेब्रुवारी १९४२ला, सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. तिथल्या चांगीच्या बराकींत आणि आसपास हजारो ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सैनिक कोंडले गेले. त्यांना शिधा मिळाला तो मुख्यतः पांढरा, सडीक, म्हणजे कोंडा काढलेला तांदूळ. पाव, लोणी, मांस, बटाटे यांवर वाढलेली पोरं एकदम भातावर आली, तोही जुना, किडका, अर्धपोटी. काही आठवड्यांतच बेरीबेरीचे, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाचे, रोगी दिसू लागले. कुणाचे पाय सुजून खांबासारखे झाले, कुणाच्या पायांतलं बळच गेलं. आणि काही महिन्यांनी एक निराळंच दुखणं सुरू झालं. दिवसा ठीक असलेली माणसं रात्री पाय हातात धरून बसायची, पुढे-मागे डुलायची. तळव्यांत आग, त्यात मधूनच सुरी खुपसल्यासारखी कळ. पांघरुणाचा भार सोसवत नसे. कुणी बराकीत रात्रभर येरझारा घाली, कुणी बादलीभर गार पाण्यात पाय बुडवून बसे. पायांना क्षणभर स्वस्थता नसे म्हणून सैनिकांनीच त्याला नाव पाडलं, 'हॅपी फीट', आनंदी पाय. हाँगकाँगच्या छावण्यांत त्याला 'इलेक्ट्रिक फीट' म्हणत. तिथे १९४१च्या नाताळच्या दिवशी शरण आलेल्यांत कॅनडाचेही सैनिक होते. हाँगकाँगचा हिवाळा बऱ्यापैकी बोचरा असतो, तरी ती माणसं थंडीत तासन्‌तास गार पाण्यात पाय घालून बसत.

बादली वाचली आणि मी पुस्तक मिटलं. आमच्याकडे माठाखालची फरशी होती. त्यांच्याकडे बादली होती.

आणि त्यांच्याही पायांवर दाखवण्यासारखं काही नव्हतं. छावणीत आजारी ठरणं म्हणजे त्या दिवसापुरतं कामातून सुटणं. पण कामाला अमुक इतकी माणसं हवीत असा हुकूम वरून यायचा आणि कैदी डॉक्टरांना रोज सकाळी आपली आजारी माणसं घेऊन त्या आकड्याशी झगडावं लागायचं. पायाला हाडापर्यंत गेलेला व्रण असेल तर तो दाखवता येतो. आग कशी दाखवणार? कातडी धड, सांधे धड, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय नेहमीपेक्षाही जोरात उडायचा. रात्रभर न झोपलेला तो माणूस सकाळी त्याच पायांनी कामावर जाई.

पायच का, हा प्रश्न मला पडला होता. हात का नाहीत, पाठ का नाही? उत्तर आपल्या शरीराच्या मापात आहे. अंगठ्यावर टाचणी टोचली ही बातमी मेंदूकडे नेणाऱ्या पेशीचं घर कमरेत, मणक्याला लागून असतं. तिथून तिचा एकच धागा मांडीतून, पोटरीतून, घोट्यावरून अंगठ्याच्या टोकापर्यंत जातो. जवळजवळ एक मीटर लांबीची एक पेशी! त्या धाग्याला लागणारं सगळं कमरेतल्या घरातून तयार होऊन खाली पोचवावं लागतं. अन्नाचं इंधन जाळून त्यातून शक्ती काढायला ब गटातली जीवनसत्त्वं लागतात. त्यांतल्या ब-१चा, म्हणजे थायमिनचा, शरीरातला सगळा साठा तीसेक मिलिग्रॅमच असतो, दोन-तीन आठवडे पुरेल इतका. साठा संपला की सगळ्यात लांबचं टोक आधी उपाशी राहतं. पाणी कमी दाबाने आलं की टोकाच्या घराचा नळ आधी कोरडा पडतो, तसंच हे. त्यातून पांढरा भात म्हणजे निव्वळ स्टार्च. ते जाळायलाच थायमिन जास्त लागतं. म्हणजे कैदी जो घास खात होता, तो पचवण्यासाठी त्याच्या अंगात उरलंसुरलं होतं तेही खर्ची पडत होतं. उपाशी पोटाचं दुःख आपल्याला कळतं. जेवूनही नसा उपाशी राहतात, हे कळायला जगाला फार वेळ लागला.

जळत्या पायांच्या बाबतीत तर एका जीवनसत्त्वावर बोट ठेवता आलंच नाही. नुसत्या थायमिनने पुष्कळांची आग थांबली नाही. रायबोफ्लेविन, निकोटिनिक आम्ल, पँटोथेनिक आम्ल, एकेकाचं नाव पुढे आलं. बहुधा ब गटातल्या अनेकांचा एकदम दुष्काळ पडल्यावर ती आग लागते.

पण बेरीबेरीचं कोडं १९४२च्या खूप आधी सुटलेलं होतं, आणि सुटलं होतं ते त्याच मुलुखात. हे वाचताना मी फार अस्वस्थ झाले.

जावा बेटावर बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, आइकमन नावाचा डच डॉक्टर बेरीबेरीचा जंतू शोधत होता. १८९०च्या सुमाराला त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लटपटायला लागल्या, पाय टाकता येईनात. मग आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीत निघालं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नव्या आचाऱ्याने तो द्यायला नकार दिला, कोंबड्या पुन्हा असडीक तांदळावर आल्या आणि चालू लागल्या. मग फॉर्डरमन या अधिकाऱ्याने जावातल्या शंभरावर तुरुंगांची पाहणी केली. कुठल्या तुरुंगात कुठला तांदूळ, आणि तिथे बेरीबेरी किती. पांढरा तांदूळ खाणाऱ्या कैद्यांत ३९ जणांमागे एक आजारी. कोंड्यासकट तांदूळ खाणाऱ्यांत दहा हजारांमागे एक. पुढे १९०५च्या सुमाराला क्वालालंपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात तसंच दिसलं. तिथे काही रोग्यांना सडीक तांदूळ दिला आणि काहींना हिंदुस्थानी पद्धतीचा उकडा. बेरीबेरी झाली ती सडीक तांदूळवाल्यांना. १९२६मध्ये याच बटाव्हियात तांदळाच्या कोंड्यातून थायमिनचे स्फटिक काढले गेले. १९२९ला आइकमनला नोबेल मिळालं. १९३६मध्ये ते जीवनसत्त्व प्रयोगशाळेत बनवताही येऊ लागलं.

तुरुंगातले कैदी, वेड्यांच्या इस्पितळातली माणसं, खुराड्यातल्या कोंबड्या. ताटात काय पडावं हे ज्यांच्या हातात नव्हतं, त्यांच्या पायांवरून हे ज्ञान जगाला मिळालं.

ज्यांच्या कैदेत ही माणसं होती त्यांना तर हा रोग पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. जपानीत त्याला 'काक्के' म्हणतात. १८८२-८३च्या सफरीत जपानी नौदलाच्या 'र्‍युजो' जहाजावरच्या ३७६ जणांपैकी १६९ जणांना काक्के झाला, २५ मेले. ताकाकी कानेहिरो या नौदलाच्या डॉक्टरने पुढच्या वर्षी दुसरं जहाज त्याच मार्गाने पाठवलं, फक्त जेवण बदलून, आणि त्यावर मोजकेच आजारी पडले. नौदलाने ते ऐकलं. सैन्याने ऐकलं नाही आणि १९०४-०५च्या रशियाबरोबरच्या युद्धात जपानचे हजारो सैनिक काक्केने गेले. १९१०मध्ये सुझुकी उमेतारो यांनी तोक्योत तांदळाच्या कोंड्यातून ते औषधी द्रव्य वेगळं काढलं. इतकं सगळं घरात असताना बत्तीस वर्षांनी चांगीत माणसं बादलीत पाय बुडवून बसली. कुणाला ठाऊक नव्हतं म्हणून हे घडलं असं मला म्हणता येत नाही. रेडक्रॉसची पार्सलं आली तीही फार थोडी, आणि आलेली पुष्कळशी कैद्यांपर्यंत पोचू दिली गेली नाहीत.

मग कैद्यांनीच उपाय शोधले. छावणीतल्या डॉक्टरांना शास्त्र माहीत होतं, औषध नव्हतं. त्यांनी यीस्ट वाढवलं. गवत कापून, चेचून, त्याचा हिरवा कडू रस काढला, त्यात रायबोफ्लेविन असतं म्हणून. मार्माइटची, म्हणजे यीस्टच्या अर्काची, बाटली हाती लागली तर ती चमच्याचमच्याने, अगदी गरजूंना. (या मार्माइटची आपल्याशी एक ओळख आहे. १९२८पासून ल्यूसी विल्स मुंबईत, हाफकिन संस्थेत काम करत होत्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा पंडुरोग मार्माइटने बरा होतो हे त्यांनी दाखवलं, आणि तो धागा पुढे फॉलिक आम्लापर्यंत गेला.) पण सगळ्यात जास्त आधार दोन गोष्टींनी दिला. एक कोंडा आणि दुसरे मूग.

मलय भाषेत 'कचांग हिजाऊ', हिरवे दाणे. इंग्रज आणि ऑस्ट्रेलियन कैद्यांच्या आठवणींत हा शब्द औषधाच्या नावासारखा येतो. गावातून चोरूनमारून, घड्याळ विकून, अंगठी विकून मूग आणायचे, भिजवायचे, मोड आणायचे आणि आजाऱ्याला द्यायचे. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, मग आपण वेगळं काय करतो?" तापातून उठलेल्याला मुगाचं कढण, बाळंतिणीला मुगाची खिचडी. तिने कधी थायमिन हा शब्द उच्चारला नसेल.

कोंडा मात्र आपण गायीम्हशींपुढे ठेवतो. 'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवली आहे. छावणीतल्या माणसाला ती शब्दशः लागू होती, आणि एका अर्थाने उलटीही: पांढरा भात हे त्याचं विष होतं आणि गिरणीतून झाडून आणलेला, किडे असलेला, घशात चरचरणारा कोंडा हे त्याचं अन्न. कोकणात उकड्या तांदळाची पेज पिऊन शेतावर जाणाऱ्यांना हे सांगावं लागलं नसतं. भात तुसासकट भिजवून उकडला की कोंड्यातलं सत्त्व दाण्याच्या आत शिरतं, मग वरचा भाग सडून गेला तरी ते पुष्कळसं टिकतं. शहरात आल्यावर आपण तो लालसर, जाड, वासाचा तांदूळ सोडला. आमच्या घरातही तो पाहुण्यांसमोर वाढायची लाज वाटायची.

वाचता वाचता मी एका जागी पोचले जिथे थेट पुण्याचं नाव होतं. पहिल्या महायुद्धातली सहावी पुणे डिव्हिजन. आजच्या इराकमध्ये, टायग्रिस नदीच्या वळणात, कुत अल अमारा या गावात, तुर्कांच्या वेढ्यात ती ७ डिसेंबर १९१५पासून २९ एप्रिल १९१६पर्यंत अडकली होती. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची माणसं.

कुतमध्ये घडलं ते आहारशास्त्रात आजही शिकवतात. ब्रिटिश सैनिक पांढऱ्या मैद्याचा पाव आणि घोड्याचं मांस खात होते. त्यांना बेरीबेरी झाली. हिंदी शिपाई आट्याची रोटी खात होते, कोंड्यासकट. त्यांना झाली नाही. पण घोड्याचं मांस खाणं त्यांच्यातल्या बहुतेकांनी धर्मापायी नाकारलं होतं आणि भाजी तर कुणालाच मिळत नव्हती. त्यांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सडल्या, जुन्या जखमा उघडल्या. पुढे मैदा संपला, ब्रिटिशांच्याही पावात जव आणि आटा आला आणि त्यांची बेरीबेरी ओसरली. एकाच गावात, एकाच तोफेखाली दोन रांगा, दोन ताटं आणि दोन रोग. शेवटी उपासमारीने हात टेकले आणि सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. वाळवंटातून चालत, पुढे रास अल ऐनच्या बाजूला बगदादच्या लोहमार्गावर मजुरीला. ब्रिटिश शिपायांतले निम्म्याहून अधिक परतले नाहीत. हिंदी शिपायांतलेही हजारो गेले.

माझ्या आजोळच्या रस्त्यावर एका गावात चावडीपाशी एक संगमरवरी पाटी आहे. सातारा-रत्नागिरीकडे अशा पाट्या पुष्कळ गावांत दिसतात. १९१४ ते १९१९च्या महायुद्धात या गावातून इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे. नाव एकही नाही. लहानपणी एस.टी.तून उतरून तिच्याखालच्या कट्ट्यावर बसून आम्ही पेरू खाल्लेत. परतलेल्यांचे पाय रात्री कसे होते, हे त्या पाटीवर कुठे लिहिणार?

जळत्या पायांच्या रोगाचा पहिला वैद्यकीय लेखही आपल्याच माणसांच्या पायांवर लिहिलेला आहे. १८२६ साली ग्रिअर्सन नावाच्या डॉक्टरने आराकानातल्या, पहिल्या ब्रह्मी युद्धातल्या हिंदी शिपायांच्या पायांची आग नोंदवली. कलकत्त्याच्या वैद्यकीय मंडळाच्या कार्यवृत्तात ती छापली गेली. नंतर शंभरावर वर्षांनी, १९४६मध्ये, कुन्नूरच्या आहार-संशोधन केंद्रात डॉ. सी. गोपालन यांनी दक्षिणेतल्या गरीब रोग्यांत तीच आग पाहिली, पँटोथेनिक आम्लाने ती शमते असं मांडलं. आजही काही ग्रंथांत या दुखण्याला दोघांचं जोडनाव आहे. या दोन लेखांच्या मधल्या काळात किती भारतीय पाय जळले असतील, त्याची मोजदाद करायला कुणी बसलं नव्हतं.

जपान्यांनी बांधून घेतलेल्या सयाम-ब्रह्मदेश (आजचे थायलंड आणि म्यानमार) लोहमार्गाचंही तेच. १९४२ ते ऑक्टोबर १९४३, ४१५ किलोमीटर. साठ हजारांवर युद्धकैदी त्यावर राबले, त्यांतले बारा हजारांहून अधिक मेले. त्यांची थडगी आहेत, नावं आहेत, त्यांच्या डॉक्टरांच्या रोजनिश्या आहेत. त्यांच्या शेजारच्या छावण्यांत मलायाच्या रबर मळ्यांतले तमिळ मजूर होते, ब्रह्मी, जावानीज, मलय होते. त्यांतले किती मेले याचे फक्त अंदाज आहेत, ९०,०००च्या आसपासचे. त्यांच्यात डॉक्टर जवळजवळ नव्हते. लिहिणारं कुणी नव्हतं. आराकानातल्या शिपायांच्या नातवंडा-पतवंडांच्या पिढीतली ही माणसं, तोच पांढरा भात, तेच पाय. गोऱ्या कैद्यांच्या वेदनेबद्दल वाचताना माझे डोळे भरून आले होते, ते खोटं नव्हतं. पण या मजुरांपाशी आल्यावर मला रडूही आलं नाही, कारण धरायला एक नाव, एक रात्र, एक बादलीसुद्धा हाती लागली नाही.

लिहिणं किती जोखमीचं होतं तेही सांगायला हवं. ह्यू डी वॉर्डनर आणि बर्नार्ड लेनक्स हे दोन कैदी डॉक्टर. मेंदूपर्यंत पोचलेल्या बेरीबेरीचे ५२ रोगी त्यांनी पाहिले: डोळे थरथरतात, उलट्या होतात, माणूस भ्रमिष्ट होतो. थायमिनचं इंजेक्शन मिळालं तर थोड्या दिवसांत माणूस ताळ्यावर येई. न मिळालं तर जाई. त्यांनी एकेकाची टिपणं ठेवली. कैद्यांजवळ कागद सापडणं धोक्याचं होतं म्हणून ती टिपणं पत्र्याच्या डब्यात डाक लावून बंद केली आणि दफनभूमीत, एका थडग्यात पुरली. युद्ध संपल्यावर डबा उकरून काढला. १९४७मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेख आला. दारूने नव्हे तर अन्नातल्या थायमिनच्या अभावाने मेंदूचा हा आजार होतो, याचा इतका भक्कम पुरावा आधी नव्हता.

सुटका झाल्यावर बहुतेकांचे पाय चांगल्या अन्नाने निवले. सगळ्यांचे नाहीत. लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेने १९६८ ते १९८१ या काळात ८९८ माजी कैदी तपासले. ४९ जणांत कैदेतल्या कुपोषणाचे परिणाम अजून होते: जळते पाय, अधू नजर, बहिरेपण. काहींना सुटून ३६ वर्षं झाली होती. घरी लोणी होतं, पाव होता, नातवंडं होती, आणि रात्री पाय अजून छावणीतच होते. पेन्शन ठरवणाऱ्यांसमोर पुन्हा तोच पेच: दाखवायला काय आहे? कॅनडात १९६०च्या दशकात एक पाहणी झाली, तिची कल्पना मला फार माणुसकीची वाटते. हाँगकाँगला कैद झालेल्यांची तुलना त्यांनी कुणा परक्यांशी केली नाही, त्यांच्याच सख्ख्या भावांशी केली, जे सैन्यात होते पण दुसऱ्या आघाडीवर लढले. एकाच आईची दोन मुलं, एकच रक्त, एकच स्वयंपाकघर. फरक तेवढा त्या पावणेचार वर्षांचा.

हे वाचल्यावर मी एक वही आणली. दोनशे पानी, साधी. माठाशेजारी खिळ्याला दोरीने पेन बांधलं. आईला म्हटलं, रात्री उठलीस की वेळ लिहायची आणि काय होतंय ते लिहायचं. डॉक्टरांना दाखवू. ती आधी म्हणाली, "त्यात काय लिहायचं, रोज तेच तर." मग पहिल्या रात्री मीच तिच्याबरोबर उठून बसले. खुर्ची आणली, तिचे पाय माझ्या मांडीवर घेतले. पन्नास वर्षांची झाले, पण आईचे तळवे मी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. टाचांच्या भेगा, करंगळीजवळचं घट्टं, आणि बोटांची कातडी गुळगुळीत झालेली, केस झडून गेलेले. डॉक्टरांनी मागे हेच हेरलं असणार. मी दाबायला गेले तर तिने पाय मागे घेतला. दाबलेलं सोसत नाही, नुसता हात ठेव म्हणाली. गार हात.

"त्यांच्याजवळ कोण बसायचं गं, रात्री?" तिने विचारलं.

"एकमेकांजवळच बसायचे. ज्याचं कमी दुखतंय तो ज्याचं जास्त दुखतंय त्याच्यापाशी."

"सगळ्यांचंच दुखत असेल की."

इंजेक्शनांना आता चार महिने झाले. मुंग्या कमी आहेत. आग आठवड्यातून दोन-तीन रात्री येते, पूर्वी रोज यायची. डॉक्टर म्हणाले, नस फार सावकाश भरते, आणि काही नसा भरतही नाहीत. वहीची चाळीस-एक पानं झाली. सुरुवातीची माझ्या अक्षरात आहेत, मग आईच्या. तिचं अक्षर जुन्या शाळेतलं, गोल. काल सकाळी दूध तापवताना वही उघडून पाहिली.

'१:५०. डावा पाय. आग, कळ नाही. फरशीवर पंधरा मिनिटं.'

खाली, वेगळ्या शाईने:

'३:२०. दोन्ही. विंचू. अंगठ्यापासून पोटरीपर्यंत. हिला उठवलं नाही.'